एका श्वासात एक डोळा

"यांचं याआधी कसलं ऑपरेशन झालंय?" पेणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, आणि मी म्हणालो, "हर्नियाचं."

ते खोटं होतं, आणि त्या खोलीत ते फक्त मला ठाऊक होतं. काशीदादा खाटेवर पडला होता, पण त्याची नजर छताच्या पंख्यावर ठरत नव्हती. आपण कुठे आहोत हेही त्याला धड कळत नव्हतं. यमुनावहिनी औषधं आणायला बाहेर गेल्या होत्या. माझ्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत, सरळ विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या एका शब्दासाठी कारणं शोधत राहिलो. कारणं पुष्कळ सापडली, पण त्यांतलं एकही पुरलं नाही.

काशीदादा म्हणजे काशिनाथ ठाकूर. पेणजवळच्या जोहे गावात त्याचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, मागे भाताची खाचरं, आत बांबूच्या मांडण्यांवर ओळीने ठेवलेले गणपती. शेडच्या दाराशी सागवानी फळ्यांचं एक भक्कम बाकडं होतं. ते सुताराकडून मुद्दाम करून घेतलेलं, कारण साधं स्टूल दादाखाली टिकत नसे. त्या बाकड्यावर तो पावसाळाभर बसायचा आणि मूर्तींचे डोळे काढायचा. साचे, माती, घासकाम, रंग हे सगळं इतर माणसं करत. डोळे मात्र त्याचेच. मांडण्यांच्या मधल्या वाटेतून त्याचं शरीर जात नसे, म्हणून मूर्तीच पाटावर ठेवून त्याच्यापुढे आणाव्या लागत. तो म्हणायचा, "लोकं देवाच्या दर्शनाला जातात, माझ्या दर्शनाला देव येतात."

डोळा काढताना तो श्वास धरायचा. आधी ब्रश पाण्यात, मग काळ्या रंगात, मग अंगठ्याच्या नखावर टोक फिरवून जास्तीचा रंग काढायचा. मग छाती भरून श्वास. वरच्या पापणीची रेघ, खालची, बाहुली, बाहुलीतला पांढरा ठिपका, आणि मगच श्वास सोडायचा. एका श्वासात एक डोळा. त्या वेळी शेडमध्ये कुणी बोललेलं त्याला चालत नसे. रेडिओसुद्धा बंद. दोन्ही डोळे झाले की मूर्ती हातभर लांब धरून तो तिच्याकडे बघायचा आणि विचारायचा, "दिसतंय ना रे बाबा?" उत्तर आल्यासारखी मान हलवून पुढची मूर्ती मागवायचा.

मी तेव्हा पेणला रामवाडीत राहायचो आणि रोह्याच्या एका कंपनीत टाइमकीपर होतो. कामगारांची शिफ्टची कार्डं लिहायचं काम. एका वर्षी आमच्या घरची मूर्ती सांगायला जोह्याला गेलो, तेव्हा दादाने माझ्या खिशातलं कार्ड ओढून माझं अक्षर पाहिलं. "हात थरथरत नाय तुझा. पहिल्या पाळीनंतर काय करतोस? झोपा काढतोस?" असं म्हणून त्याने माझ्या हातात ब्रश दिला. तेव्हापासून दरवर्षी आषाढ-श्रावणात कंपनी सुटली की मी जोह्याची गाडी पकडायचो आणि मूर्तींच्या सोवळ्यांचे काठ रंगवायचो. डोळ्यांना त्याने मला कधी हात लावू दिला नाही. "तुझ्या छातीत हवा कमी," म्हणायचा.

त्याच्या पोटाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दादा उंचीने बेताचा आणि रुंदीला अफाट होता. बसला की पोट मांडीवर यायचं आणि त्यावर तो रंगाची वाटी ठेवायचा. मुंबईच्या मंडळांची माणसं मूर्ती ठरवायला आली की आधी त्याच्याकडे बघून हसायची. "वा, इथे तर मालकच बाप्पा!" दादा पोटावर थाप मारून म्हणायचा, "नमुना बघून घ्या, माल आत हाय." त्याच्या कारखान्याला पाटी नव्हती. एसटीतून उतरून कुणी पत्ता विचारला की जोह्यातलं शेंबडं पोरही सांगायचं, "पोटवाल्या काशीचा ना? सरळ जा." लोकांना तो शकुनाचा वाटायचा. या पोटानेच धंदा चालतो असं त्यालाही वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

पण एसटीत चढताना त्याला दोघांनी मागून रेटा द्यावा लागायचा. एकदा आम्ही पेणहून येत होतो. दोघांच्या सीटवर तो एकटाच मावला, मी उभा होतो. कंडक्टर म्हणाला, "शेठ, अर्धं तिकीट अजून काढा, समान न्याय पाहिजे." गाडीभर हशा पिकला. दादाही हसला. जोह्याला उतरल्यावर मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसून तो बराच वेळ दम घेत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हसायला काय लागतं रे. हसलो नाय तर रडावं लागंल, आणि एवढ्या देहाचं रडणं बघवणार नाय कुणाला."

त्याच वर्षी ते झालं. भरदुपारी तो एका मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा काढत होता आणि मध्येच त्याला डुलकी लागली. डुलकी म्हणजे शुद्ध गेल्यासारखी झोप. ब्रश हातातच होता. तो डोळ्यावरून गालावर आणि गालावरून सोंडेवर ओघळला. जाग आल्यावर ती काळी रेघ बघून त्याने ब्रश खाली ठेवला. अलीकडे झोपेत त्याचा श्वास अडकायचा, म्हणून रात्री तो बसूनच झोपायचा आणि दिवसा पेंगायचा. गुडघे गेलेच होते. पण खरं भय वेगळं होतं. त्याने सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं.

"सुधाकर, श्वास पुरत नाय. बाहुलीपर्यंत जातो आणि सुटतो. दोन श्वासांत डोळा काढला की तो दोन माणसांनी काढल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईकाला नाय कळत. मला कळतं."

आमच्या कंपनीत आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायचे. मी त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले, मुंबईत एक सर्जन आहेत, वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन करतात. आपल्याकडे अजून फार कुणी करत नाही, पण अशा माणसाने विचारून यायला हरकत नाही. मी दादाला सांगितलं. म्हणजे ही गोष्ट त्याच्या आयुष्यात मीच आणली. याबद्दल मात्र मला पश्चात्ताप नाही. त्याला ते हवं होतं.

सर्जन शांत स्वभावाचे होते. दादाचं वजन, रक्त, श्वास सगळं तपासून त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "जठर म्हणजे पिशवी समजा," ते म्हणाले. "मी ती कापून काढत नाही. वरच्या टोकाला टाक्यांची रांग मारून अंगठ्याएवढी लहान पिशवी वेगळी करतो आणि तिच्या तोंडाशी पट्टी बसवतो, म्हणजे अन्न हळूहळू खाली उतरतं. तुमची भूक चार घासांत भागेल. पण ही जादू नाही. अर्धं काम माझं, अर्धं तुमचं. आधी पातळ, मग मऊ, मग चावून चावून. पोट भरलं की थांबायचं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या. आणि नीट ऐका, उलट्या सुरू झाल्या आणि थांबल्या नाहीत, तर घरी बसायचं नाही. इथे यायचं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य या ऑपरेशनचं." हे सगळं त्यांनी मराठीत एका कागदावर लिहून दिलं. खाली 'सूचना समजल्या' असं लिहून आमच्या सह्या घेतल्या. दादाची, आणि सोबतचा माणूस म्हणून माझी.

परत आल्यावर दादा कपडे न बदलता शेडमध्ये गेला. शाडूचा गोळा घेऊन त्याने पाच मिनिटांत जठर केलं. हुबेहूब, डॉक्टरांच्या भिंतीवरच्या चित्रातलं. मग तारेने त्यावर उभी खूण केली, वरचा भाग चिमटून लहानशी पिशवी वेगळी दाखवली आणि तिच्या तळाशी सुतळी बांधली. "एवढ्यात काय मावंल? एक मोदक? नाय, अर्धा." तो ती पिशवी करंगळीने चाचपत होता. "बग ना, खालचं एवढं मोठं तसंच राहणार. आयुष्यभर अर्धपोटी. त्याला काय वाटत असंल?"

तेवढ्यात यमुनावहिनींच्या बांगड्या वाजल्या. दादाने दोन्ही हातांनी ते जठर दाबून सपाट केलं आणि मातीच्या टबात टाकलं. तो शाडू पुढे कुठल्या मूर्तीत गेला, कोण जाणे.

"काय लपवताय अवो?" वहिनी दारातून म्हणाल्या.

"उंदीर करत होतो गो. बिघडला."

वहिनी गेल्यावर त्याने मला शपथ घालायची ठरवली. कुणालाही कळता कामा नये. घरी, गावात, गिऱ्हाइकांत सांगायचं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. पोटवाल्या काशीने पोट आवळून घेतलं हे कळलं तर मंडळाची माणसं काय म्हणतील, हे एक. दुसरं कारण त्याने हळू आवाजात सांगितलं. "यमुनेच्या हातचं खाऊन मी एवढा झालो. तिला वाटंल, तिच्या अन्नावर सुरी चालवली." मी जवळच्या एका लहान, कच्च्या मूर्तीच्या पायावर हात ठेवला, तसा त्याने तो उचलला. "थांब. याला डोळे नाय अजून. आंधळ्यापुढे शपथ कसली?" आणि त्या वितभर मूर्तीचे डोळे त्याने तिथल्या तिथे काढले. रंगाआधी डोळे कुणी काढत नाही. कच्च्या पांढऱ्या अंगावर दोन काळेभोर डोळे. त्याला दम लागला, प्रत्येक डोळ्याला दोन-दोन श्वास लागले. "हं, आता बघतोय. घे शपथ." मी घेतली. सूचनांचा कागद घरात सापडायला नको म्हणून त्याने माझ्या खिशात घातला. "तुझ्याकडं ठेव." मी तो कंपनीतल्या माझ्या लॉकरमध्ये ठेवला. ती मूर्ती पुढे रंगून कुणाच्या तरी घरी गेली, दीड दिवसाने विसर्जित झाली. माझी शपथ मात्र कुणी बुडवली नाही.

ऑपरेशन नीट झालं. वहिनी एका रविवारी येऊन भेटून गेल्या, तेव्हा डॉक्टर नव्हते. घरी आल्यावर त्यांनी टाका पाहिला. छातीखालून बेंबीपर्यंतचा.

"भावजी, हर्नियाला एवढा काप?"

"पोट मोठं वहिनी, म्हणून काप मोठा," मी म्हणालो.

त्या हसल्या. मीही हसलो. माझं खोटं इतकं सहज पचलं की पुढचं सोपं झालं.

पहिले महिने फार चांगले गेले. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर गावात त्या ऑपरेशनला लोकांनी शिव्या दिल्या. दादा पेज, वरणाचं पाणी, मग मऊ भात अशा पायऱ्या चढत गेला. पोट उतरू लागलं. तो आडवा झोपू लागला. एक दिवस मांडण्यांच्या मधल्या वाटेतून तो अंग तिरकं करून शिरला आणि पार टोकापर्यंत जाऊन ओरडला, "अरे, हितं कोळ्यांची जाळी किती! मला वाटायचं माझा कारखाना स्वच्छ हाय!" आम्ही एसटीने पेणला गेलो, तेव्हा तो कुणाच्या रेट्याशिवाय चढला, माझ्या शेजारी बसला, आणि तोच कंडक्टर आल्यावर म्हणाला, "मोज. एक माणूस, एक सीट, एक तिकीट. आता तू दे मला अर्धं परत." कंडक्टरने त्याला ओळखलंच नाही. दादा वाटभर हसत होता. वैशाखात त्याने पहिल्या मूर्तीचा डोळा काढला. एका श्वासात. श्वास सोडून वर उरलेल्या हवेने शीळ वाजवली.

पण घरात सगळे हर्नियाच समजत होते. हर्नियाच्या माणसाला ताकद यायला हवी, म्हणून वहिनींनी डिंकाचे लाडू केले, पायांचं सूप केलं, चिंबोरीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. "किती वाळलात अवो, लोकं मला बोलतात," असं म्हणत त्या समोर बसायच्या. दादा खायचा. मग शेडमागच्या बांधावर जाऊन उलटी करायचा. आषाढात हे रोजचं झालं, पुढे दिवसातून तीनदा. जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुणाच्या नजरेस पडतील म्हणून त्या घ्यायचंही तो चुकवू लागला. मी सगळं पाहत होतो. एकदा म्हणालो, "दादा, मुंबईला जाऊया. डॉक्टरांनी सांगितलंय."

"ऑर्डरी बघ किती पडल्यात. गणपती झाले की जाऊ."

मी मान डोलावली. लॉकरमधला कागद मला शब्दाशब्दाने पाठ होता, तरी मी मान डोलावली. वहिनींनी विचारलं तेव्हा सांगितलं, "पोटाच्या ऑपरेशननंतर असं होतंच थोडे दिवस."

श्रावणात एका सकाळी त्याने काढलेले मूर्तीचे डोळे बघून कामाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाहुल्या दोन दिशांना गेल्या होत्या. "मला दोन-दोन दिसतात रे," दादा म्हणाला. "कुठल्या देवाचा डोळा काढू?" चालताना तो झोकांड्या खात होता. नाक्यावर कुणी तरी म्हणालं, "काशी आता ताडी मारायला लागला वाटतं." तिसऱ्या दिवशी त्याने वहिनींना विचारलं, "तू कोणाची गो?" तेव्हा आम्ही त्याला पेणच्या दवाखान्यात नेलं. नोंद करताना खिडकीवरच्या बाईने आधीच्या ऑपरेशनचं विचारलं, वहिनींनी त्यांना जे ठाऊक होतं ते सांगितलं. हर्निया. डॉक्टर मात्र जाणते होते. त्यांनी टाका पाहिला आणि त्यांना शंका आली. म्हणून त्यांनी वहिनी बाहेर असताना मला मुद्दाम विचारलं. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे शपथेची ती कच्ची मूर्ती आली, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर दाराबाहेर जोह्याची दहा-बारा माणसं उभी होती आणि त्यांना कळलं असतं की हे सगळं मी सुचवलं. मला त्यांची भीती वाटली, एवढंच.

डॉक्टरांनी अशक्तपणा समजून ग्लुकोजची सलाइन लावली. दुसऱ्या दिवशी दादा आणखी बिघडला. मग मी 'एकदा मुंबईच्या डॉक्टरांना दाखवू' एवढंच म्हणालो आणि आम्ही त्याला गाडीत घालून नेलं. सर्जनांनी त्याला पाहिलं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. नंतर व्हरांड्यात मला बाजूला घेतलं. सततच्या उलट्यांनी शरीरातलं एक जीवनसत्त्व संपलं होतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं की उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. "पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरंच वाचलं असतं," ते म्हणाले. "तुम्हाला सांगितलं होतं ना मी? सही आहे तुमची." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वहिनींना ऑपरेशनचं खरं स्वरूप तिथे पहिल्यांदा कळलं. त्या बाकावर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. "भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही वहिनी. मलाही त्याने हर्नियाच सांगितलं होतं."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा मोठं. पहिल्याला निदान शपथ होती.

त्यांनी ते मानलं. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून म्हणाल्या, "म्हंजे खिडकीवर मीच हर्निया सांगितलं. आणि लाडूही मीच घातले." मी ते तसंच राहू दिलं.

दादाची नजर महिन्याभरात सरळ झाली, चाल पुष्कळशी सुधारली. पण मन परतलं नाही. जुनं सगळं आठवायचं, बापाने शिकवलेली माती, लग्नातली पंगत, खाडीचं उधाण. मात्र ऑपरेशनच्या आसपासचं वर्ष पुसून गेलं, आणि नवीन काही घटकाभरही राहीना. जेवून हात धुतला की विचारायचा, "आज जेवायचं नाय काय?" माझ्या शपथेचा एकच साक्षीदार होता, आणि तोच सगळं विसरला होता.

हात मात्र विसरला नाही. पुढच्या वर्षी वहिनींनी त्याला बाकड्यावर बसवलं, पुढे मूर्ती ठेवली, हातात ब्रश दिला. त्याने नखावर टोक फिरवलं, श्वास धरला आणि डोळा काढला. पूर्वीसारखाच. श्वास सोडला, आणि तेवढ्यात कुठला डोळा झाला ते विसरला. तेव्हापासून वहिनी त्याच्याशेजारी पाटावर बसू लागल्या. "उजवा झाला. आता डावा." दिवसभर, पावसाळाभर. "उजवा झाला. आता डावा." गावातल्या बायका म्हणायच्या, नवऱ्याची सेवा करते. मला ठाऊक होतं, त्या शिक्षा भोगत होत्या. माझी.

मी जायचो तेव्हा दादा मला ओळखायचा. "आलास काय सुधाकर? पहिली पाळी?" मग कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "माझं काय तरी तुझ्याकडं हाय ना रे? ठेवायला दिलंय?"

"नाय दादा."

"हाय. काय तरी हाय."

दर वेळी. बाकी सगळं पुसलं गेलं, हे एवढं कसं राहिलं, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मेंदूचं असंच असतं. मी रामवाडीचं घर सोडून रोह्याला खोली घेतली, रोजचा प्रवास वाचतो असं सांगून. तरी पावसाळ्यात जोहे ओढायचं. एकदा पेणच्या गाडीत बसलो, आणि वाटेतल्या खांब गावाला उतरून उलट्या बाजूची गाडी पकडून परत आलो.

कधी गेलो आणि वहिनी आत असल्या, तर मी दादाची माफी मागायचो. खाली वाकून, त्याचा हात धरून, सगळं सांगून. त्याचे डोळे भरायचे. "जाऊ दे रे, झालं ते झालं," म्हणायचा. आणि पेलाभर चहा संपेपर्यंत विसरायचा. पाच-सहा वेळा मी हे केलं. मला हलकं वाटायचं. मग एका वेळी, त्याने नव्याने डोळे भरले तेव्हा, मला माझी शिसारी आली. विसरणाऱ्या माणसाकडून मी पुन्हा पुन्हा माफी घेत होतो, आणि ज्या बाईला सगळं आठवत होतं तिच्याकडे बघत नव्हतो.

आणखी काही वर्षांनी कंपनीने आमचा विभाग बंद केला. लॉकर रिकामं करायला सांगितलं. टॉवेल, साबणाची डबी, जुनी कार्डं, आणि तळाशी घडी घातलेला तो कागद. घडीवर गंज उतरला होता. त्याच दुपारी मी रोह्याहून निघालो. खांब आलं, गेलं. मी उतरलो नाही.

शेडमध्ये पोचलो तेव्हा दादा बाकड्यावर होता, एका मध्यम उंचीच्या मूर्तीपुढे. तो आता ओळखू न येण्याइतका वाळला होता. फळ्यांचं ते रुंद बाकडं दोन्ही बाजूंनी रिकामं होतं. शेजारी पाटावर वहिनी. त्यांचे केस माझ्या नकळत पांढरे झाले होते.

"आलास काय सुधाकर? पहिली पाळी?" मग त्या आठ्या. "माझं काय तरी तुझ्याकडं हाय ना रे?"

"हाय दादा," मी म्हणालो.

कागद मी त्याच्याकडे दिला नाही. वहिनींपुढे जमिनीवर बसलो आणि त्यांच्या हातात ठेवला. त्यांना वाचता येत होतं, सावकाश, बोट फिरवत. उलट्यांच्या ओळीवर बोट थांबलं. 'दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला आधी हे ऑपरेशन सांगावे' या ओळीवर थांबलं. मग खाली सहीवर आलं, आणि तिथून हललं नाही.

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं," मी म्हणालो. "पेणच्या डॉक्टरांनी तुम्ही सांगितलेलं मानलं नव्हतं वहिनी. टाका बघून त्यांनी मला वेगळं विचारलं होतं. मी खोटं बोललो. आणि मुंबईला तुमच्याशीही खोटं बोललो."

मागे दादाने श्वास धरला होता. तो श्वास सुटला, आणि त्याने सवयीने विचारलं, "कुठला झाला गो?"

पहिल्यांदाच वहिनींनी उत्तर दिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, जणू उत्तराची त्यांना भीती वाटत होती.

"मंग ते मी नव्हतं केलं?"

"नाय वहिनी. तुम्ही नव्हता. मी होतो. मला माफ करा."